शिरोळची कथा आणि अपत्यहीन पुरुष

सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’तील विसाव्या अध्यायांत शिरोळ गांवची एक कथा आहे. गंगाधर नामक ब्राह्मणाच्या पत्नीचीं मुलें जगत नसत. पूर्वजन्मीं तिनें एका ब्राह्मणाचें द्रव्य बुडविलें, त्यानें आत्मघात केला आणि तोच पिशाच होऊन तिचीं मुलें मारतो, असें तिला सांगण्यांत आलें. मग तिनें उपोषण करावें, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील औदुंबरास प्रदक्षिणा घालाव्या, असा उपाय ठरला. पुढें तिला दोन पुत्र झाले. त्यांतील एक मुंजीच्या सुमारास दगावला, तेव्हां त्याचें प्रेत उराशीं कवटाळून बसलेली ही माता वाचून ज्याचें अंतःकरण द्रवत नाहीं असा वाचक विरळा.

कथेच्या कारुण्याविषयीं अथवा भाविकांच्या श्रद्धेविषयीं आमची तक्रार नाहीं. आमचा प्रश्न दोषाच्या वांटणीचा आहे. दुःख दोघांचें, पण पाप पत्नीचें आणि सेवाही तिचीच. शिरोळची स्त्री मृतवत्सा होती, वंध्या नव्हे, हें खरें. परंतु एकोणचाळिसाव्या अध्यायांतील साठ वर्षांची वंध्या घ्या. तिचा पति सोमनाथ हयात आहे. तरी पिंपळाची सेवा तिनेंच करावयाची. उणीव पतीच्या ठिकाणीं असेल, ही शंकाही कथेला शिवत नाहीं.

वस्तुतः महाभारत याहून निर्भीड होतें. पंडूला संतति होणें शक्य नाहीं, हें तेथें स्पष्ट सांगितलें आहे आणि नियोगाचा मार्गही लपविलेला नाहीं. सुश्रुतानें अपत्यजननास असमर्थ असे शुक्रदोष गणले आहेत. म्हणजे शास्त्राला जें ठाऊक होतें, तें कथेनें आणि लोकव्यवहारानें नजरेआड केलें.

यांत भाषेचाही वांटा आहे. वंध्या हा शब्द ग्रंथांत आणि वांझ हा शब्द अंगणांत सदैव तयार. पुरुषासाठीं मात्र षंढ, क्लीब, नपुंसक. हे सारे शब्द पौरुषाच्या अभावाचे, बीजाच्या अभावाचे नव्हत. चरकानेंही बीजोपघात हा क्लैब्याचाच एक प्रकार मानला. अमोल पालेकर यांच्या ‘अनाहत’ या २००३ सालच्या चित्रपटांत अपत्यहीनतेचें मूळ राजाच्या ठायीं आहे, हें उघड मांडलें गेलें. पण तोही राजा क्लीबच. धडधाकट, संसारी, परंतु ज्याच्या वीर्यांत शुक्रजंतूच नाहींत, असा पुरुष या शब्दांत कोठेंच बसत नाहीं. ज्याला नांव नाहीं तो तपासणीस जात नाहीं, आणि त्याच्या वांट्याचा बोल बायको सोसते.

असे पुरुष थोडे नाहींत. शंभरांत सुमारें एक. अपत्यहीन दांपत्यांपैकीं सुमारें निम्म्या ठिकाणीं पुरुषाकडील कारण, एकटें वा स्त्रीच्या कारणासह, आढळतें. कांहींच्या शरीरांत शुक्रजंतु तयार होतात, पण वाट बंद असते. कांहींत ते मुळांतच नगण्य असतात. पहिल्या प्रकारांत सुईनें, दुसऱ्यांत सूक्ष्मदर्शकाखालीं शस्त्रक्रिया करून, वृषणांतून ते शोधून काढतां येतात. मात्र दुसऱ्या प्रकारांत ते प्रत्येकास सांपडतातच असें नाहीं. १९९२ सालीं ब्रुसेल्स येथील पालेर्मो प्रभृतींनीं एकच शुक्रजंतु स्त्रीबीजांत टोंचून झालेल्या गर्भधारणांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेव्हांपासून, एरव्हीं निरुपयोगी ठरले असते असे मोजके शुक्रजंतुही पुरेसे ठरूं लागले.

येथें शिरोळच्या कथेकडे परत पाहावें. उणीव पतीची असली तरी स्त्रीबीजें पक्व होण्यासाठीं दिवसेंदिवस सुया टोंचून घ्यावयाच्या त्या पत्नीनें. बीजें काढून घ्यावयाचीं तींही तिच्याच देहांतून. विज्ञानानें दोषाचा पत्ता बदलला, प्रदक्षिणा मात्र अजून बहुतांशीं तिच्याच पायांस आहे. म्हणून निदान बोल तरी तिच्या कपाळीं येऊं नये. पहिली तपासणी पतीची व्हावी. ती सोपी आहे आणि अल्पखर्चाचीही. आमच्या कथाकारांनीं त्या पुरुषास क्लीब न म्हणतां माणूस म्हणून रंगवावें. औदुंबरास दोघांनीं मिळून प्रदक्षिणा घातल्या, असें लिहावयास कोणत्याही श्रद्धेचा अडथळा नाहीं.