विजयदुर्गची आग आणि माझी चुकलेली कॅप्शन

सिनॉप्सिसच्या तिसऱ्या पानावर मी एक चित्र टाकलं होतं. इंग्रजांची शिडाची जहाजं, विजयदुर्गचा तट, सगळीकडे धूर. खाली कॅप्शन दिली : ‘मराठा आरमाराचा अस्त, १७५६’. गाईडनी पान उलटता उलटता विचारलं, “मग १७८३ ला धुळपांनी काय कागदाच्या होड्या सोडल्या होत्या?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांनी ही चूक माझ्या खर्चाने शिकून घ्यावी, म्हणून ही पोस्ट.

चित्र डॉमिनिक सेरेसचं. लंडनमध्ये ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये ते आहे. विषय आहे फेब्रुवारी १७५६ मध्ये ‘घेरिया’ म्हणजे विजयदुर्ग घेतल्याचा. सेरेस हा रॉयल अकादमीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक आणि आरमारी चित्रांत मुरलेला. चित्र म्हणून काम चोख आहे, त्यात वाद नाही. घोटाळा होतो तो आपण ते पुरावा म्हणून वापरायला घेतो तेव्हा.

पहिली गोष्ट तारखेची. लढाई १७५६ ची, चित्र १७७१ चं. मधल्या पंधरा वर्षांत प्लासी झाली आणि १७६५ ला कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली. विजयदुर्गला समुद्रावर ॲडमिरल वॉटसन होता आणि जमिनीवर उतरलेल्या फौजेचा प्रमुख क्लाइव्ह. पुढच्याच वर्षी हीच दोन नावं बंगालमध्ये गाजली. म्हणजे १७७१ च्या लंडनकराला या चित्रात एका मोठ्या यशाची सुरुवात दिसत असणार. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गच्या खाडीत उभ्या असलेल्या कुणालाही ती तशी दिसणं शक्यच नव्हतं. त्यामुळे हे चित्र लढाईचं साधन म्हणून दुय्यम, पण लढाईच्या आठवणीचं साधन म्हणून अव्वल. हा फरक सिनॉप्सिसमध्ये एका वाक्यात लिहिला असता तरी मी वाचलो असतो.

दुसरी गोष्ट जळणाऱ्या जहाजांची. १२ फेब्रुवारीला मारा सुरू झाल्यावर एक स्फोटक गोळा आंग्र्यांच्या ‘रेस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. जहाजं एकमेकांना बांधून ठेवलेली होती, त्यामुळे आग एकाकडून दुसऱ्याकडे जात सगळं आरमार जळालं. आता नाव पुन्हा वाचा. रेस्टोरेशन! आंग्र्यांच्या जहाजाला इंग्रजी नाव कसं? कारण ते मूळचं कंपनीचंच. आंग्र्यांनी आधी पाडाव करून आणलेलं. म्हणजे ‘शत्रूचं आरमार’ पेटलं ते इंग्रजांच्याच जुन्या जहाजापासून. चित्र बघून हे कळणार नाही. धुरात सगळ्या डोलकाठ्या सारख्याच दिसतात. त्यासाठी लेखी साधनांकडेच जावं लागतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात बोचणारी. ही मोहीम एकट्या इंग्रजांची नव्हतीच. नानासाहेब पेशव्यांचं तुळाजी आंग्र्यांशी वाकडं होतं, १७५५ मध्ये पेशव्यांचा इंग्रजांशी करार झाला, आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून किल्ल्याजवळ आली होती. हल्ल्याआधीच तुळाजी पेशव्यांच्या छावणीत गेला होता. किल्ला मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून क्लाइव्हने १२ च्या रात्री आपली माणसं किनाऱ्यावर उतरवली. १३ ला किल्ला पडला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली; पेशव्यांना त्यात वाटा नाही. किल्ला पेशव्यांना मिळाला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातल्या तहाने, आणि त्या बदल्यात बाणकोट गेलं. दोन दोस्त एकमेकांवर डोळा ठेवून उभे होते, हा या प्रसंगाचा गाभा. आरमारी विजयाच्या चौकटीत तो बसतच नाही.

आता माझी कॅप्शन. ‘अस्त’ कसला? तुळाजीचं आरमार जळालं, हे खरं. पण कुलाब्याचे आंग्रे होतेच, आणि विजयदुर्गलाच पेशव्यांचं आरमार पुन्हा उभं राहिलं. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी कंपनीचं ‘रेंजर’ लढून पाडाव केलं आणि विजयदुर्गला आणलं. तोवर सालबाईचा तह झालेला होता, तो भाग वेगळा. पण ‘अस्त’ झालेल्या आरमाराने हे केलं कसं? मी चित्रातला धूर पाहिला आणि इतिहास संपवून टाकला.

सातारा-सांगलीच्या मित्रांना वाटेल, समुद्र घाटाच्या पलीकडे, आपला काय संबंध? कान्होजी आंग्रे शाहू महाराजांचे सरखेल, आणि शाहूंची गादी साताऱ्याला. ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट होता. त्याच्या १८२६ च्या इतिहासात विजयदुर्गची हकीकत आहे. ती वाचतानाही हेच प्रश्न विचारायचे : कधी लिहिलं, कुणासाठी, कोण चौकटीबाहेर राहिलं, आणि वस्तूंची नावं काय सांगतात?

सराव घरापासून करा. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात एखाद्या रविवारी जा. एकच चित्र निवडा, त्याच्यासमोर अर्धा तास उभे राहा, आणि हे चार प्रश्न वहीत लिहा. कॅप्शन सगळ्यात शेवटी. 

माझी आताची कॅप्शन अशी आहे : ‘विजयदुर्गवरचा हल्ला, १७५६, लंडनमध्ये १७७१ ला रंगवलेला’. रुबाब कमी झालाय, पण आता कुणी विचारलं तर उत्तर देता येतं.