रिकाम्या हातांचा धर्मगुरू

ग्रॅहम ग्रीन या इंग्रज कॅथलिक लेखकाचे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कानांवर आले असेल. त्यांची 'द पॉवर अँड द ग्लोरी' (१९४०) ही कादंबरी मात्र थोड्यांनीच वाचली असावी. गेल्या प्रायश्चित्तकाळात आम्ही ती दुसऱ्यांदा वाचली. तारुण्यातील पहिल्या वाचनात आम्हांस तिच्यात धर्मछळ तेवढा दिसला होता. या खेपेस त्याहून अवघड असे काही दिसले, आणि त्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

कादंबरीची भूमी मेक्सिकोची आहे. तेथे १९२६ पासून अध्यक्ष काय्येस यांच्या राजवटीत ख्रिस्तसभेविरुद्धचे कायदे कठोरपणे अमलात येऊ लागले. ताबास्को प्रांतात गव्हर्नर गार्रीदो कानाबाल याने तर देवळे पाडली, दारूबंदी केली आणि धर्मगुरूंवर विवाहाची सक्ती केली. ग्रीन १९३८ साली त्या मुलखातून हिंडले. त्या प्रवासातून ही कथा उभी राहिली.

अशा प्रांतात एकच धर्मगुरू लपतछपत संस्कार देत फिरतो आहे. लेखकाने त्याला नाव दिलेले नाही. तो ब्रँडीच्या आहारी गेलेला आहे, भित्रा आहे, आणि एका खेड्यातील मारिया नावाच्या स्त्रीपासून त्याला एक मुलगी झाली आहे. त्याचा पाठलाग करणारा लेफ्टनंट निर्व्यसनी, प्रामाणिक आणि गोरगरिबांविषयी मनापासून कळवळा असलेला आहे. चारित्र्याचा दाखला द्यायचा झाल्यास आम्ही तो लेफ्टनंटलाच देऊ. ग्रीन यांनी पारडे असे मुद्दाम झुकवून ठेवले आहे.

एक प्रसंग पाहा. धर्मगुरू मारियाच्या खेड्यात पहाटे मिस्सा करीत असतानाच पोलीस येऊन ठेपतात. गावकऱ्यांना रांगेत उभे करून लेफ्टनंट एकेकाची चौकशी करतो. मारिया धर्मगुरूला आपला नवरा म्हणून सांगते. लेफ्टनंट मुलीला तिचा बाप कोण ते विचारतो आणि ती बोट दाखवते: हाच. मुलगी खरे बोलते आणि त्या खऱ्यामुळे धर्मगुरूचा जीव वाचतो. ज्या पापाची त्याला आयुष्यभर लाज वाटली, त्याच पापाचे लेकरू त्याच्या आड उभे राहते. पुढे तो पश्चात्ताप करू पाहतो, पण ते त्याला साधत नाही. कारण पापाचा धिक्कार करावा तर पापातून जन्मलेल्या मुलीवर त्याचा जीव जडलेला! पापनिवेदनाला गुडघे टेकणाऱ्या कोणासही ही अडचण परकी वाटणार नाही. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात मात्र ती सहसा आढळत नाही.

दुसरा प्रसंग द्राक्षरसाच्या बाटलीचा. मिस्सासाठी तो लपूनछपून थोडा द्राक्षरस मिळवतो आणि त्याबरोबर ब्रँडीही घेतो. विकणारा गव्हर्नरचा भाऊबंद. तो पाहुणचार म्हणून तीच बाटली उघडायला लावतो. पोलीसप्रमुखही येऊन बसतो. धर्मगुरू ब्रँडी पुढे करीत राहतो, पण मंडळी द्राक्षरसच पितात. शेवटचा थेंब संपतो, तेव्हा याच्या डोळ्यांतून पाणी येते. उरलेल्या ब्रँडीपायी तो पकडला जातो आणि एका गच्च भरलेल्या अंधाऱ्या कोठडीत जाऊन पडतो. तेथे तो आपण धर्मगुरू असल्याचे सर्वांसमक्ष कबूल करतो. डोक्यावर इनाम लागलेले असूनही त्या चोरचिलटांपैकी एकही त्याला धरून देत नाही.

या दोन प्रसंगांतील विनोद फार बोचरा आहे. कृपा येथे शुभ्र वस्त्रांत येत नाही. ती चुकीच्या बाटलीतून, चुकीच्या माणसांकडून, चुकीच्या वेळी येते.

ख्रिस्तसभेची शिकवण या संदर्भात नवी नाही. धर्मगुरूची पात्रता संस्काराला बळ देत नाही आणि त्याचे पाप ते बळ हिरावून घेत नाही, हे संत ऑगस्टीन यांनी डोनाटिस्टांशी वाद घालताना मांडले आणि १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पक्के केले. ग्रीन त्याच्या पुढची पायरी चढतात. या माणसाच्या हातून इतरांना कृपा मिळते हे तर खरेच. पण त्याला स्वतःला मिळते की नाही? सरहद्द ओलांडून तो सुरक्षित जागी पोहोचलेला असतो. तेथून एका मरणोन्मुख अमेरिकन खुन्याचे पापनिवेदन ऐकण्यासाठी तो परत फिरतो. बोलावणे आणणारा माणूस यहूदाच आहे हे त्याला ठाऊक असते. तो खुनी पापनिवेदन करीतही नाही. धर्मगुरू पकडला जातो. त्याचे स्वतःचे पापनिवेदन ऐकायला विवाह करून जीव वाचवलेला पाद्रे होझे येत नाही. आपण देवापुढे रिकाम्या हातांनी चाललो आहोत, एवढेच त्याला मरणाच्या सकाळी कळते. वाचकाला जे दिसते ते त्याला दिसत नाही.

१९४७ साली जॉन फोर्ड यांनी या कथेवर 'द फ्युजिटिव्ह' हा चित्रपट काढला. त्या काळच्या नीतिनियमांना सांभाळून त्यांनी धर्मगुरूला निष्कलंक केले आणि मूल लेफ्टनंटच्या नावावर घातले! पाप गेले, आणि त्याबरोबर कृपेला करण्यासारखे कामही उरले नाही. कादंबरीतच एक आई आपल्या मुलांना हुतात्मा ह्वान याची गोड गोड कहाणी वाचून दाखवते आणि मुलगा कंटाळतो. आम्हीही हेच करीत आलो आहोत. या त्रैमासिकातील मृत्युलेख चाळले तर आपल्या धर्मग्रामांत आजवर एकही सदोष माणूस मेलेला नाही असे वाटावे. पेत्राने प्रभूला नाकारले ही गोष्ट मात्र चारही शुभवर्तमानांनी सांगितली आहे. तो आपला प्रमुख आहे म्हणून आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीने ती झाकली नाही.

या पुस्तकावर आक्षेप नव्हते असे नाही. १९५३ साली रोमच्या पवित्र कार्यालयाने त्यावर नापसंती व्यक्त केली. वेस्टमिन्स्टरच्या कार्डिनल ग्रिफिन यांच्यामार्फत ती ग्रीन यांना कळवण्यात आली, परंतु त्यांनी मजकूर बदलला नाही. पुढे १९६५ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांना भेटीत धीर दिला. ग्रीन यांना पापाचेच आकर्षण आहे हा आक्षेप या कादंबरीपुरता आम्हांस पटत नाही. येथले पाप रंगेल नाही, केविलवाणे आहे.

आमचा आक्षेप निराळा आहे. त्या कोठडीत एक धर्मशील बाई असते. घरात धार्मिक पुस्तके सापडली म्हणून ती तुरुंगात आलेली आहे. तिला भोवतीच्या पापी जनांची किळस येते आणि लेखकाला तिची. दारुड्यासाठी इतकी करुणा बाळगणाऱ्या लेखणीने या बाईसाठी घोटभरही राखून ठेवू नये? जपमाळ न चुकवणारी आणि शेजाऱ्याच्या व्यसनी मुलाला लग्नाच्या मांडवात न बोलावणारी अशी माणसे आपल्याच घरांत आहेत. त्यांनाही कृपेची गरज आहे, किंबहुना अधिक आहे, हे ग्रीन यांना दिसायला हवे होते.

याहून गंभीर प्रश्न ब्रिजिताचा, म्हणजे त्या मुलीचा. धर्मगुरूच्या जिवाची तगमग आपण पानोपानी वाचतो. ती मात्र खेड्याच्या उकिरड्याजवळ, वयापेक्षा लवकर निबर झालेली, मागे राहते. अलीकडच्या दशकांत धर्मगुरूंकडून झालेले लहानग्यांचे शोषण देशोदेशी उजेडात आले आणि ते झाकले गेल्याचेही उघड झाले. त्यानंतर धर्मगुरूच्या पापाची कथा केवळ त्याच्या आत्म्याची कथा म्हणून वाचणे आम्हांस जमत नाही. बाप स्वतःच्या तारणाऐवजी मुलीचे तारण मागतो, ही कादंबरीतील अत्यंत हृद्य प्रार्थना होय. परंतु ती प्रार्थना फळली की नाही, याचा माग लेखकाने काढलेला नाही.

तरीही पुस्तक मिटवत नाही ते त्याच्या शेवटच्या पानामुळे. हुतात्म्याच्या कहाणीला कंटाळलेला तोच मुलगा रात्री दारावरची थाप ऐकून उठतो. बाहेर एक नवा धर्मगुरू उभा आहे. तो पितो का, भितो का, त्याच्या मागे काय आहे, काही ठाऊक नाही. तो आपले नाव सांगू लागतो, पण तोवर मुलाने दार उघडून त्याच्या हाताचे चुंबन घेतलेले असते.