आधी खरेदी, मग अनुदान

समानतेचा विषय निघाला की आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचे पाय आपोआप अथेन्सकडे वळतात. आज तिकडे जायचं नाही. भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या पंचायत समितीच्या नोटीस बोर्डापर्यंत गेलं तरी पुरे. तिथे जिल्हा परिषदेच्या सेस फंडातल्या योजनांचा कागद लागतो. मागासवर्गीयांसाठी, महिलांसाठी शिलाई मशीन, पिठाची गिरणी, अनुदानावर. (आपल्याकडे गिरणी कोण म्हणतं? चक्की म्हणतात. पण कागदाची मराठी पश्चिमेकडून येते.) ज्या बाईचं शिवणकाम जुन्या मशीनवर रखडत चाललंय, ज्याची चक्की बंद पडायला आलीय, त्यांच्यासाठी हा कागद.

तरतूद चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले 20 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर आणि 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे, हा नियम आहे. यात भीक नाही, वाटा आहे. फक्त एक गोष्ट डोळ्यांआड होते. टक्का सगळीकडे सारखा, पण तो कशाचा टक्का? पुण्यासारख्या जिल्ह्यात जमिनींचे व्यवहार धडाक्यात होतात, मुद्रांक शुल्काचा वाटा जिल्हा परिषदेला मिळतो, तिजोरी भरते. धानाच्या आमच्या जिल्ह्यात ती कितीशी भरणार? म्हणजे लाखांदूरची शिवणारी आणि हवेलीची शिवणारी नियमात सारख्या, मशीनच्या संख्येत नाहीत. असो, तो राज्याच्या वित्त आयोगाचा प्रश्न. आमची खरी तक्रार पुढे आहे.

पूर्वी जिल्हा परिषद वस्तू स्वतः खरेदी करून वाटायची. त्यात निविदा आल्या, ठेकेदार आले, हलका माल आला, आणि गोदामात धूळ खात पडलेल्या मशीनच्या बातम्याही आल्या. म्हणून डिसेंबर 2016मध्ये राज्य शासनाने धोरण बदललं. वस्तू द्यायची नाही, पैसे थेट लाभार्थ्याच्या खात्यात टाकायचे. हेतू अगदी रास्त! पण व्यवहारात सर्वसाधारण रीत अशी पडली की लाभार्थ्याने आधी पदरच्या पैशाने वस्तू घ्यायची, पक्कं बिल जोडायचं, पाहणी व्हायची आणि मग रक्कम जमा व्हायची.

आता हिशेब करून बघू. चक्कीची किंमत 20,000 रुपये धरू आणि अनुदान 90 टक्के. म्हणजे 18,000 सरकारचे, 2,000 आपले. एका बाईकडे 20,000 घरात आहेत. तिने चक्की आणली, चार महिन्यांनी 18,000 खात्यात आले. तिला चक्की पडली 2,000ला. दुसरीकडे 2,000च आहेत. उरलेले 18,000 तिने शेकडा पाच रुपये महिन्याने उचलले. महिन्याला 900, चार महिन्यांचे 3,600. तिला चक्की पडली 5,600ला. आदेश एकच, अर्ज एकच, शिक्काही एकच. पण पहिलीला अनुदान 90 टक्के मिळालं आणि दुसरीला 72. तिसरी बाई सावकाराच्या दारातच जात नाही. ती यादीत नाव असूनही मागे फिरते आणि दफ्तरात तिची नोंद ‘लाभ घेण्यास अनिच्छुक’ अशी होण्याचीच शक्यता जास्त. हा शब्द आम्हांला फार टोचतो. अनिच्छा कुठली हो?

अमर्त्य सेन यांनी 1979च्या एका व्याख्यानात साधाच प्रश्न विचारला होता: समानता हवी, पण कशाची? तोच इथे विचारायचा. या पद्धतीत समानता आहे ती अर्जाची. गरजेची नाही आणि थांबण्याच्या ताकदीची तर नाहीच नाही. अनुदान अडचणीतल्यासाठी असतं, आणि ते मिळवायची पहिली अट अशी की अडचण नसावी!

कागदपत्रांचंही तेच. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, घराचा नमुना 8, विजेचं बिल. बाईने हे सगळं आणायचं. पण घर बहुधा सासऱ्याच्या नावावर आणि मीटर नवऱ्याच्या. महिलांसाठीच्या योजनेची किल्ली पुन्हा घरातल्या पुरुषाच्या खिशात.

याच भंडाऱ्यातून 1954 साली डॉ. आंबेडकर लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. त्याच्या पाच वर्षे आधी, 25 नोव्हेंबर 1949ला, संविधान सभेत त्यांनी बजावलं होतं की राजकारणात समता आणि समाज-अर्थजीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करत आहोत. मतपेटीत सगळ्यांच्या चिठ्ठ्यांचं वजन एकच असतं. अनुदानाच्या अर्जाचं वजन मात्र घरातल्या शिलकीवर ठरतं.

आणखी एक परिणाम आहे, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. गावात आधीपासून एकाची चक्की आहे. त्याने ती कर्जावर घेतली, अजून हप्ते चालू आहेत, तोही काही सुखवस्तू नाही. त्याच आळीत अनुदानाच्या दोन चक्क्या आल्या. दळण तेवढंच, दळणारे तीन. जिल्हा परिषदेला वाटलं आपण यंत्र दिलं. तिने खरं तर गिऱ्हाइकं वाटली, एकाच्या दारची दुसऱ्याच्या दारी. म्हणून अनुदान देऊ नये, असं आम्ही म्हणणार नाही. पण गावात किती दळण निघतं, किती शिवण निघतं, हे ग्रामसभेने आधी मोजलं पाहिजे. ते काम तालुक्याला बसून होत नाही.

‘मग ठेकेदारी परत आणायची का?’ असं कोणी विचारेल. गरज नाही. 2021च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ई-रुपी नावाचं व्हाउचर आणलं. मोबाइलवर येतं, ठरलेल्या कामासाठी दुकानदाराकडे वटतं, आपले पैसे आधी गुंतवावे लागत नाहीत. 17 सप्टेंबर 2023ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत याच वाटेने देतात. म्हणजे साधन सरकारजवळ आहे. जिल्हा परिषदेच्या चक्कीपर्यंत ते का पोचू नये?

अर्थात त्या योजनेची आपली वेगळी गंमत आहे. यादी 18 व्यवसायांची. लोहार आहे, कुंभार आहे, सोनार आहे, टोपल्या विणणारा आहे, मासेमारीचं जाळं विणणारा आहे. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. त्या यादीत कासाराचा स्वतंत्र रकाना नाही. बसायचंच तर लोहाराच्या रकान्यात बसावं लागेल. मोहाडीकडच्या विणकरालाही त्यात रकाना नाही, त्याला हातमागाच्या वेगळ्या खिडकीवर जावं लागतं. ज्या योजनेत पैसा आधी मिळतो तिथे आमच्या कासाराचं नाव नाही, आणि जिथे त्याने अर्ज करावा तिथे पैसा नंतर मिळतो.