मोनिहारा : भुताने काढलेल्या चुका

हिंदी सिनेमाने आपल्याला भुताटकीच्या हवेलीची एक सवय लावून ठेवली आहे. ‘महल’मधली झोपाळ्यावरची बाई अखेर माळ्याची मुलगी निघते. ‘बीस साल बाद’मधल्या खुनांमागेही जिताजागता माणूसच असतो. उलगडा होतो आणि प्रेक्षक निर्धास्तपणे घरी जातो. सत्यजित राय यांचा ‘मोनिहारा’ ही सोय करून देत नाही. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ साली, त्यांच्या तीन कथांवर राय यांनी ‘तीन कन्या’ केला. त्यातला हा मधला भाग. परदेशात पाठवताना तोच गाळला गेला आणि तिकडच्या प्रेक्षकाला दोनच कन्या भेटल्या. शोकात्म आणि खट्याळ अशा दोन कथांच्या मध्ये हाडांचा हात कुणाला विजोड वाटला असेल. मला मात्र तिघींत हीच जास्त छळते.

नदीचा घाट, मागे पडझड झालेली हवेली. गावचा शाळामास्तर स्वतः लिहिलेली गोष्ट अंगभर चादर लपेटलेल्या एका अनोळखी माणसाला ऐकवतो. फणिभूषण साहा तागाचा व्यापारी. काकाची हवेली त्याच्याकडे आली, तसा तो बायकोला, मणिमालिकेला, घेऊन तिथे राहायला आला. मूल नाही. नवरा दागिने आणत राहतो आणि ती ते जपत राहते. पुढे तागाला आग लागते, धंदा बुडायला येतो. आता हा आपले दागिने मागणार, या धास्तीने ती दूरच्या नात्यातल्या मधुसूदनला बोलावून घेते. नवरा पैशाच्या सोयीसाठी कलकत्त्याला गेलेला असताना ती सगळे दागिने घेऊन मधुसूदनबरोबर निघून जाते. पुढे तिचं काय झालं, ते चित्रपट दाखवत नाही.

ही हवेली भूत येण्याच्या कितीतरी आधी झपाटलेली आहे, वस्तूंनी. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ती जड फर्निचर आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी अशी भरली आहे की माणसांना वावरायला अंग चोरावं लागावं. सौमेंदु राय यांचा कॅमेरा या सामानाला माणसांइतकंच महत्त्व देतो. इथे निर्जीव वस्तू मिरवतात आणि जिवंत बाई त्यांच्यातलीच एक होऊन बसते. कनिका मजुमदार यांनी मणिमालिका हावरट रंगवलेली नाही. तिच्या डोळ्यांत दागिना पाहताना जी चमक येते, ती नवऱ्याकडे पाहताना विझते, एवढंच. काली बॅनर्जींचा फणिभूषण भला आहे, आणि त्याचा भलेपणाच असह्य होत जातो. प्रेम म्हणजे काहीतरी आणून देणं, यापलीकडे त्याला काही सुचत नाही.

संगीत राय यांचं स्वतःचं. आधीच्या चित्रपटांना रविशंकर, विलायत खाँ, अली अकबर खाँ यांचं संगीत होतं. ‘तीन कन्या’पासून ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. रात्री दागिन्यांची किणकिण ऐकू येते तेव्हा ती संगीतातली की हवेलीतली, हे चटकन कळत नाही. फणिभूषण बायकोसाठी नवा दागिना घेऊन परतलेला असतो. रात्री एक आकृती येते. तो विचारतो, मणी, तू आलीस? मग पेटीवर झडप पडते ती बांगड्या घातलेल्या हाडांच्या हाताची, किंकाळीसह. आजच्या डोळ्यांना तो हात थोडा बनावट दिसतो, हे कबूल करायला हवं. पण त्याची घाई खरी वाटते. मेल्यावरही तिला नवरा नको, पेटी हवी आहे.

खरी कलाटणी त्यानंतर घाटावर आहे. रवींद्रनाथांच्या कथेत गोष्ट संपल्यावर ऐकणारा शांतपणे सांगतो की फणिभूषण साहा तो स्वतःच, आणि त्याच्या बायकोचं नाव होतं नृत्यकाली. एका वाक्यात मास्तरांच्या अख्ख्या भूतकथेची हवा निघते. ती मिश्कील थट्टा आहे. राय तीच जागा उलटी फिरवतात. चादरीतला माणूस म्हणतो, गोष्ट आवडली, पण तिच्यात बऱ्याच चुका आहेत. मग तो आपलं नाव सांगतो आणि नाहीसा होतो. कथेत ज्या कबुलीने भूत खोटं पडतं, तिच्यामुळेच इथे ते खरं ठरतं.

आणि त्या चुका कोणत्या, हे तो सांगतच नाही. मणिमालिका आपल्याला दिसली ती सारी मास्तरांच्या तोंडून. तिचं थंडपण, तिचा दागिन्यांचा सोस, मधुसूदनला बोलावणं, सगळं एका हौशी लेखकाने लिहिलेलं. चुका काढणारा तरी कोण? ज्याला ती जिवंतपणी कधी उमगलीच नाही तो नवरा. एकाने तिची गोष्ट रचली, दुसरा ती तपासतो आहे, आणि तिला स्वतःला या घाटावर बोलायला कुणी बोलावलेलं नाही. दुसऱ्यांदा पाहताना म्हणूनच मी हाडांच्या हाताची वाट पाहत नाही. मास्तर ‘ती अशी होती’ असं जिथे जिथे छातीठोकपणे सांगतात, तिथे चादरीतल्या श्रोत्याकडे बघत बसतो.