सुळक्याभोवतीचं कडं

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चेतातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टनावर उलटते. हे वेष्टन पुन्हा चढवणारं औषध शोधायचं, तर ते चढलं की नाही हे आधी झटकन दिसायला हवं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जोना चॅन, फेंग मेई आणि सहकाऱ्यांनी ही अडचण ज्या नजाकतीने सोडवली, ती सावकाश न्याहाळावी अशी आहे.

त्यांनी सिलिकाचे अतिसूक्ष्म, निमुळते सुळके रांगेने उभे केले आणि त्यांवर मायलिन बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वजपेशी वाढवल्या. सुळका म्हणजे चेतातंतूचा निव्वळ आकार. पेशीने त्याला वेढा घातला, की सूक्ष्मदर्शकातून वरून पाहताना रंगवलेल्या मायलिन-प्रथिनाचं स्वच्छ कडं दिसतं. वेढा नाही, तर कडं नाही. मोजायची ती कडी! यातला एक बारकावा सहज निसटतो. इथे खरा चेतातंतू मुळी ठेवलेलाच नाही. त्यामुळे कडी वाढली, तर औषधाने थेट या पेशींवरच काम केलं, हे निर्विवाद ठरतं. काय वगळायचं याची ही जाण मला सर्वांत मोहवते.

या चाळणीतून सुमारे १००० रेणू गेले. २०१४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये निकाल आला. मस्करिनिक ग्राही अडवणाऱ्या औषधांचा एक गटच वर आला होता, आणि त्यात होतं क्लेमास्टीन, ॲलर्जीवरचं जुनं औषध.

माणसांवरच्या चाचणीत अरी ग्रीन आणि सहकाऱ्यांनी निवडला डोळा. पडद्यावर काळेपांढरे चौकडे अदलाबदल करतात आणि साधारण १०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या मागच्या भागात विद्युत्-लहर उमटते. दृष्टिचेतेचं मायलिन गेलं, की तिला उशीर होतो. ५० रुग्णांच्या या चाचणीत (‘लॅन्सेट’, २०१७) तो उशीर दर डोळ्यामागे सरासरी १.७ मिलिसेकंदांनी घटला. आकडा चिमुकला, पण इजा जुनी, आपसूक भरून येण्याचा काळ सरलेली. औषधाने थकवा वाढला. पुढे वेगळ्या चाचणीत, सतत बळावणाऱ्या प्रकारच्या काही रुग्णांचं अपंगत्व वेगाने वाढलं; तेव्हा ही गोळी मनाने घेण्याची नव्हे.

२०१७च्या चाचणीची बांधणीही पाहा. एका गटाला आधी ९० दिवस औषध, मग ६० दिवस औषधविरहित गोळी. दुसऱ्याला आधी ती, मग औषध. अशा अदलाबदलीत औषध थांबलं की परिणाम ओसरावा, असं गृहीत असतं. पहिल्या गटात तो ओसरला नाही. गणिताला अडचणीची असलेली हीच गोष्ट दुरुस्तीच्या बाजूने सर्वांत बोलकी साक्ष देते: वेष्टन खरोखर चढलं असेल, तर गोळी थांबल्यावर ते उतरायचं कारणच नाही.