संगोपनमूल्ये आणि ‘बहुतेक माणसां’वरील विश्वास : एक चिकित्सा

१९८१ साली सुरू झालेल्या जागतिक मूल्य सर्वेक्षणात मुलांवर बिंबवावयाचे गुण यादीतून निवडावयास सांगतात. ‘बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो काय?’ हेही विचारतात. दोन्ही उत्तरांची सांगड घालून, आज्ञाधारकतेवर भर देणारे संगोपन माणसाला संशयी बनविते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकास तो घाईचा वाटतो. ‘बहुतेक माणसे’ म्हणजे कोण? डेल्हाय, न्यूटन आणि वेल्झेल यांनी २०११ मध्ये दाखविले की, कन्फ्यूशियन परंपरेच्या देशांत या शब्दांचा परीघ निकटवर्तीयांपुरता आक्रसतो. त्यामुळे चीनमधील विश्वासाचा मोठा आकडा फसवा ठरतो. (मराठी माणूस तरी ‘आपली माणसे’ आणि ‘लोक’ यांत गल्लत कुठे करतो?) २००५ मध्ये सुरू झालेल्या फेरीत कुटुंबीय, शेजारी, परिचित, प्रथमच भेटलेले, परधर्मीय आणि परदेशी यांविषयी स्वतंत्र प्रश्न आले. संगोपनाच्या यादीशी ताडून पाहावयाची ती ही उत्तरे. एकट्या जुन्या प्रश्नावरून आईबापांना दोषी धरता येणार नाही.