चौकटीच्या पश्चिमेस मांजरी : पर्जन्यसंशोधन आणि जलसुरक्षा

‘अतिवृष्टी वाढली, सरासरी मात्र तीच राहिली’ हे विधान पाणीप्रश्नावरील चर्चासत्रांत आता परिचयाचे झाले आहे. त्याचा मुख्य आधार म्हणजे डॉ. बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला शोधनिबंध. गोस्वामी पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे संचालक झाले. १९५१ ते २००० या काळातील नोंदींवरून त्यांनी दाखविले की, दिवसाला १०० मिलिमीटर वा त्याहून अधिक पावसाच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या घटल्या आणि या दोहोंनी परस्परांना झाकल्यामुळे हंगामी सरासरीत लक्षणीय कल उरला नाही. सरासरीवरील आपली भाबडी श्रद्धा या निबंधाने ढळविली, हे त्याचे मोठे श्रेय होय.

याच संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हा धागा पुढे नेला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे सांगून त्यांनी त्याचा संबंध अरबी समुद्रावरील पश्चिमी वाऱ्यांच्या वाढत्या चढउतारांशी जोडला. येथे केवळ मोजणी नाही, कारणमीमांसाही आहे.

परंतु मध्य भारत म्हणजे नेमके कोठे? गोस्वामींच्या चौकटीची पश्चिम सीमा पूर्व रेखांश ७४.५ अंश आहे. पुणे आणि मांजरी तिच्या पश्चिमेस, म्हणजे चौकटीबाहेर पडतात. शिवाय त्या विश्लेषणातील जाळीचा प्रत्येक चौकोन एक अंशाचा, सुमारे शंभर किलोमीटरचा आहे. ताम्हिणीचा धुवांधार पाऊस आणि मांजरीचे कोरडवाहू माळ यांत तेवढेही अंतर नाही. घाटमाथा व पर्जन्यछाया एकाच आकड्यात विरघळत असतील, तर तो आकडा मुठेच्या खोऱ्याला लावताना फार जपावयास हवे. हा दोष संशोधकांचा नव्हे. त्यांनी आपली मर्यादा आखूनच दिली आहे. ती पुसून ‘तिप्पट’ हा शब्द पुण्याच्या आराखड्यांत उचलणाऱ्या आपणा अभ्यासकांचा तो दोष आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. हे संशोधन पाऊस जमिनीवर पडेपर्यंतच त्याची सोबत करते. खडकवासला साखळीतील चार धरणांची एकत्रित क्षमता सुमारे २९ अब्ज घनफूट असली, तरी शहराच्या तोंडाशी असलेले खडकवासला धरण जेमतेम दोन अब्ज घनफुटांचे आहे. तोच पाऊस मोजक्या दिवसांत कोसळला की विसर्गावाचून गत्यंतर नसते. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील वस्त्यांत पाणी शिरले, त्यामागे मुसळधार पावसाइतकाच धरणातील विसर्गही होता. तेच पाणी मुळा-मुठेतून मांजरीवरून पुढे वाहून जाते आणि उन्हाळ्यात त्याच धरणांच्या कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूर अवलंबून राहतात. मध्यम सरींनी होणारे भूजलाचे पुनर्भरण घटले, तर मांजरीच्या विहिरींना सरासरी कायम राहिल्याचा काय उपयोग?

या प्रश्नाचे उत्तर मोठ्या चौकोनांच्या जागतिक प्रारूपांतून मिळणे कठीण दिसते. त्यासाठी घाटमाथ्यावरील दाट पर्जन्यमापकांच्या नोंदी, धरणांतील आवक-विसर्ग आणि विहिरींची पातळी एकाच खोऱ्याच्या गणितात आणावी लागेल. हवामानशास्त्रज्ञ पाषाणला, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र मांजरीला. मधले अंतर पंचवीस किलोमीटरांहून कमी आहे.